सिद्ध म्हणजे सिद्ध झालेले?

भूमितीच्या तासाला फळ्यावर 'सिद्ध करा' असे लिहिले की विद्यार्थी आधी पक्ष लिहितो, मग साध्य लिहितो आणि त्यानंतर एकेक विधान कारणासह मांडत जातो. कारण दिले नाही तर गुण कापले जातात. 'सिद्ध' या शब्दाचा हा अर्थ आपल्या शाळांत पक्का रुजलेला आहे. याच शब्दाने तमिळ प्रदेशातील एक जुनी वैद्यकपद्धती ओळखली जाते. तेथे 'सिद्ध' म्हणजे सिद्धी मिळवलेला योगी. परंपरा असे १८ सिद्ध मानते आणि अगस्त्य त्यांतले प्रमुख समजले जातात. मराठी माणूस मात्र औषधाच्या डबीवर हा शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात शाळेतला अर्थ जागा होतो. हे औषध सिद्ध झालेले आहे, असे तो समजतो.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे तमिळ कुटुंबे कित्येक पिढ्या राहत आहेत. त्यामुळे सिद्ध वैद्यकाचे नाव या पट्ट्याला परके नाही. आयुर्वेदाची दुकाने तर नाक्यानाक्यावर आहेत. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या चिठ्ठ्या, रुळांलगतच्या रंगवलेल्या भिंती आणि आता मोबाइलवर फिरणारे संदेश यांतून स्त्रियांच्या एका तक्रारीवरचा उपाय हमखास वाचायला मिळतो. ती तक्रार म्हणजे अंगावरून पांढरे जाणे. औषध कधी सिद्ध म्हणून विकले जाते, कधी आयुर्वेदिक म्हणून, तर कधी नुसतेच 'जडीबुटी' म्हणून. दावे मात्र सारखेच असतात. आम्ही येथे ते दावे तपासणार आहोत. हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. आठवी ते बारावीच्या वर्गांत बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीला हा अनुभव येतो आणि त्याबद्दल विचारावे असे माणूस तिला बहुधा सापडत नाही, हेच आमचे उत्तर आहे.

नाव रंगाचे, रोग कोणता?

मराठीत 'पांढरे जाणे', हिंदीत 'सफेद पानी', संस्कृतात 'श्वेतप्रदर', तमिळमध्ये 'वेळ्ळै'. वेळ्ळै म्हणजे पांढरे. पाश्चात्त्य वैद्यकातला 'ल्युकोऱ्हिया' हा शब्दही ग्रीक भाषेतून आलेला आहे आणि त्याचा अर्थ पांढरा प्रवाह असाच होतो. पाच भाषांनी दिलेले हे नाव एका रंगाचे आहे.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मीठ, साखर, धुण्याचा सोडा आणि चुना यांची चूर्णे चार बशांत ठेवली तर चारही पांढरीच दिसतात. केवळ रंग पाहून पदार्थाचे नाव सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पास करत नाही. पाण्यात विरघळते का, आम्लात फसफसते का, लिटमस कागदाचे काय होते, हे पाहायला लावतो. अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याबाबत मात्र रंगावरूनच रोग ठरतो आणि रोगावरून डबी ठरते.

ताप हा एके काळी स्वतंत्र रोग मानला जात असे. आज आपण तापाला लक्षण म्हणतो आणि तो हिवतापाचा आहे की विषमज्वराचा, हे पाहतो. 'पांढरे जाणे' हेही लक्षणच आहे. काही वेळा तर ते रोगाचे लक्षणही नसते.

सिद्ध वैद्यकाचे म्हणणे

टीका करण्याआधी समोरच्याचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. सिद्ध वैद्यक शरीरात तीन दोष मानते: वळि, अळल आणि ऐयम. आपल्याकडच्या वात, पित्त आणि कफ यांच्याशी त्यांचे नाते उघड आहे. यांचे प्रमाण बिघडले की रोग होतो. पांढरे जाण्याच्या मुळाशी शरीरातील वाढलेली उष्णता असते, असे या परंपरेतले प्रचलित स्पष्टीकरण आहे. म्हणून उपचार थंडाव्याचे असतात. कोहळ्याचे लेह्य, शतावरीचा कंद घालून सिद्ध केलेले तूप आणि कोरफडीचा गर ही त्यांतली प्रमुख औषधे. यांच्या जोडीला तुरटीपासून केलेले 'पडिकार पर्पम' दिले जाते. पर्पम म्हणजे साधारणपणे आपण ज्याला भस्म म्हणतो ते. औषध बहुधा एक 'मंडलम', म्हणजे ४८ दिवस घ्यायचे असते.

आयुर्वेदाचा मार्ग फार वेगळा नाही. चरकसंहितेतले पुष्यानुग चूर्ण मध आणि तांदळाच्या धुवणाबरोबर द्यायचे असते. लोध्राची साल तुरट म्हणून दिली जाते. स्राव 'सुटला' आहे म्हणून तुरट द्रव्याने तो 'बांधायचा', असा हा विचार आहे. आपल्या घरांतल्या आज्या-मावश्याही उष्णतेचीच भाषा बोलतात. अंगातले सत्त्व निघून चालले आहे, हाडे झिजत आहेत, म्हणून कंबर दुखते, असे त्या सांगतात.

ही मांडणी मूर्खपणाची होती असे आम्हाला वाटत नाही. सूक्ष्मदर्शक नव्हता, जिवाणू माहीत नव्हते, तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरूनच विचार करणे भाग होते. पण आज तीच मांडणी पुरी आहे असे सांगून औषध विकले जात असेल, तर तिची परीक्षा आजच्या ज्ञानाने झाली पाहिजे.

शरीर काय करत असते

प्रत्येक शिक्षकाला विरजणाचा धडा शिकवता येतो. लॅक्टोबॅसिलस जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि दुधाचे दही होते. याच कुळातले जिवाणू योनिमार्गात राहतात. जर्मन वैद्य आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्ये त्यांचे वर्णन केले. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते. त्यातून मिळणाऱ्या शर्करांवर हे जिवाणू जगतात आणि आम्ल तयार करतात. त्यामुळे तेथील सामू साधारण ३.८ ते ४.५ इतका राहतो. एवढ्या आम्लतेत बरेचसे उपद्रवी जिवाणू वाढू शकत नाहीत. म्हणजे हा स्राव शरीराची राखण करतो.

गर्भाशयमुखातून येणारा चिकट द्रव ऋतुचक्राबरोबर बदलतो. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास तो पातळ, पारदर्शक आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा असतो. त्यानंतर तो घट्ट आणि कमी होतो. पहिली पाळी येण्याच्या काही महिने आधी मुलींना पांढरा स्राव दिसू लागतो. तो वयात येण्याचा भाग आहे. गरोदरपणात स्राव वाढतो. या कशाचाही हाडे झिजण्याशी संबंध नाही. खाज नाही, दुर्गंधी नाही, आग नाही, रक्ताचा अंश नाही आणि ओटीपोटात दुखत नाही, अशा स्रावाला औषधाची गरज नसते.

बाकीचे 'पांढरे' मात्र निरनिराळे आहेत. दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि खूप खाज असेल तर बहुधा कँडिडा या बुरशीचा संसर्ग असतो. करडसर, पातळ आणि माशासारखा वास येणारा स्राव असेल तर लॅक्टोबॅसिलस कमी होऊन दुसऱ्याच जिवाणूंची गर्दी झालेली असते आणि सामू ४.५ च्या वर जातो. फेसाळ, पिवळट-हिरवट स्राव ट्रायकोमोनास या एकपेशीय जीवामुळे येऊ शकतो. अल्फ्रेड दोने यांनी तो १८३६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. हा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो, म्हणून नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. परमा आणि क्लॅमिडिया यांचा संसर्ग गर्भाशयमुखात होतो, गुपचूप वर सरकतो, बीजवाहिन्या खराब करतो आणि पुढे मूल न होण्याचे कारण ठरू शकतो. आणि रक्तमिश्रित, दुर्गंधीयुक्त स्राव हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते.

बुरशी, जिवाणू, एकपेशीय जीव आणि कर्करोग या चार गोष्टींवर एकच कोहळ्याचे लेह्य कसे चालेल? शिवाय लेह्य म्हणजे साखरेच्या किंवा गुळाच्या पाकातले औषध. वारंवार होणारा कँडिडाचा संसर्ग हे कधी कधी न ओळखलेल्या मधुमेहाचे चिन्ह असते. अशा बाईला ४८ दिवस पाकातले औषध देणे म्हणजे आगीवर तेल ओतणे होय.

पहिला दावा: 'नाडीवरून निदान'

सिद्ध वैद्यकात रोगपरीक्षेचे आठ प्रकार सांगितले आहेत: जीभ, वर्ण, वाणी, डोळे, स्पर्श, मल, मूत्र आणि नाडी. आयुर्वेदातील योगरत्नाकरातली अष्टविध परीक्षा याच्या अगदी जवळची आहे. या आठांत योनिमार्गाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी नाही. जेथे तक्रार आहे ती जागा न पाहता तक्रारीचे नाव ठरते.

जुन्या वैद्यांना ही तपासणी सुचलीच नव्हती, असे मात्र नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात योनीतील व्रण पाहण्यासाठी 'योनिव्रणेक्षण' नावाच्या यंत्राचे वर्णन आहे. म्हणजे पाहण्याची गरज कळलेली होती आणि साधनही होते. आज स्त्रीरोग शिकलेले आयुर्वेदाचे पदवीधरही तपासणी करतात. परंपरेतला हा चांगला भाग जाहिरातींतून गळाला. नाडी उरली, यंत्र गेले.

न पाहता निदान करण्याचा परिणाम काय होतो, हे आपल्याच प्रदेशातील दोन अभ्यासांनी दाखवले आहे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक संसर्गाचा एखादा तरी आजार निघाला. पण तक्रार होती ५५ टक्के स्त्रियांचीच. त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. म्हणजे रोग होता, तक्रार नव्हती.

दुसरा अभ्यास गोव्यातला. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात २४९४ स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे १४.५ टक्के स्त्रियांनी अंगावरून जाण्याची तक्रार सांगितली. या तक्रारीचे जंतुसंसर्गाशी नाते कमकुवत निघाले. मानसिक ताण आणि उदासीनता यांच्याशी ते अधिक घट्ट होते. येथे तक्रार होती, पण पुष्कळ जणींत तिच्यामागे संसर्ग नव्हता.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहा. तक्रार नाही म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही. तक्रार आहे म्हणून रोग आहे, असेही म्हणता येत नाही. तर्कशास्त्रात ज्याला विधान आणि त्याचा व्यत्यास म्हणतात, ती दोन्ही येथे खोटी ठरतात. मग केवळ तक्रार ऐकून दिलेल्या औषधाला आधार कोणता?

दुसरा दावा: 'सगळे उष्णतेमुळे'

गोव्यातील स्त्रियांना त्यांच्या तक्रारीचे कारण विचारले तेव्हा सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी शरीरातील उष्णता असे उत्तर दिले. तेवढ्याच किंवा किंचित अधिक जणींनी मनावरचा ताण हे कारण सांगितले. या उत्तरांकडे आम्ही अडाणीपणा म्हणून पाहत नाही. पहाटे उठून डबे भरणारी, डोंबिवलीहून उभ्याने मुंबई गाठणारी आणि रात्री परत आल्यावर चुलीपुढे उभी राहणारी बाई 'मी थकले आहे' असे घरात सहसा म्हणत नाही. म्हटले तरी ऐकले जात नाही. 'अंगावरून जाते, कंबर दुखते' असे म्हटले तर निदान दवाखान्यात जायला परवानगी मिळते. उष्णता हा शब्द पुष्कळदा थकव्याचा आणि काळजीचा निरोप घेऊन येतो.

पण म्हणूनच त्यावर थंडाव्याचे लेह्य देऊन तिला वाटेला लावणे हे अपुरे आहे. तिच्या अशक्तपणामागे रक्तक्षय आहे का, हे रक्त तपासूनच कळते. तिच्या झोपेचे, घरातल्या जाचाचे, मनाच्या उदासीनतेचे काय, हे विचारूनच कळते. 'उष्णता' हे उत्तर मिळाले की पुढचे प्रश्न थांबतात. कोणत्याही सिद्धांतात हा मोठाच दोष आहे.

तिसरा दावा: 'हमखास गुण येतो'

गुण येतो, हे आम्ही मान्य करतो. प्रश्न असा आहे की तो कशाने येतो. ऋतुचक्र सुमारे २८ दिवसांचे. मंडलम ४८ दिवसांचे. एवढ्या काळात स्रावाचे स्वरूप आपोआप अनेकदा बदलते. बाई वैद्याकडे जाते ती त्रास सर्वांत जास्त असलेल्या दिवशी. तेथून पुढचे दिवस बहुधा बरे असणारच. कोणीतरी आपले ऐकून घेतले याचाही आराम पडतो. विद्यार्थ्यांना आपण शिकवतो की एका वेळी एकच घटक बदला आणि तुलनेसाठी दुसरा संच ठेवा. येथे तुलनेचा संचच नाही.

पारंपरिक औषधाची परीक्षा होऊच शकत नाही, हे म्हणणेही खरे नाही. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतके निरनिराळ्या कारणांसाठी दिली जात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन रक्तदाबाची मोजमापे घेतली आणि १९४९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यानंतर सर्पगंधा जगभर गेली. मोजता येणारी गोष्ट निवडली, आधी मोजली, नंतर मोजली, म्हणून हे शक्य झाले. शतावरी किंवा लोध्र यांची अशीच परीक्षा करायची तर आधी सूक्ष्मदर्शकाने निदान करावे, रुग्णांचे दोन गट करावेत, कोणाला कोणते औषध दिले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला कळू देऊ नये, आणि शेवटी पुन्हा सूक्ष्मदर्शकाने पाहावे. त्यात ते उतरले तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

आजच्या व्यवस्थेत मात्र ग्रंथात सांगितलेल्या औषधाला, ग्रंथात सांगितलेल्या उपयोगासाठी परवाना मिळवताना परिणामकारकतेची नवी चाचणी करून दाखवावी लागत नाही. ग्रंथातला उल्लेख हाच पुरावा धरला जातो. भूमितीच्या उत्तरपत्रिकेत 'थोरांनी सांगितले आहे' असे कारण लिहिलेले चालेल का?

औषध नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. तुरटी प्रथिनांना साकळवते आणि ऊतींना आकुंचित करते. म्हणून 'बांधल्या'सारखे वाटते. पण तुरटीच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने योनिमार्ग वारंवार धुतला तर राखण करणारे जिवाणूच नष्ट होऊ शकतात. अशा धुण्याचा आणि दुर्गंधीयुक्त जिवाणूसंसर्गाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. भस्मे आणि पर्पमे यांत धातू वापरण्याची परंपरा आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली तेव्हा त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हा अहवाल २००४ चा आहे. गरोदर बाईच्या शरीरातले शिसे गर्भापर्यंत पोचते, हे लक्षात घेतले म्हणजे याचे गांभीर्य कळेल.

राहिला जाहिरातींचा प्रश्न. १९५४ च्या औषधे व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ५४ विकारांची नावे आहेत. त्यांवरील उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे. त्या यादीत गर्भाशयाचे विकार आहेत, पाळीचे विकार आहेत आणि 'स्त्रियांचे रोग' असा सर्वसाधारण उल्लेखही आहे. डब्यातली चिठ्ठी या कायद्यापुढे टिकणारी नाही.

आरशात आधुनिक वैद्यकही

एवढे लिहून थांबलो तर आमची टीका एकतर्फी ठरेल. एका लक्षणावरून एक पुडी देण्याची चूक आधुनिक वैद्यकानेही केली आहे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणसमूहावरून उपचार करावा, अशी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने रुजवली. आपल्या देशात त्यासाठी रंगीत पाकिटे तयार झाली. योनिस्रावासाठी हिरवे पाकीट. अडचणीच्या ठिकाणी याचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण जिला संसर्गच नव्हता तिलाही औषध मिळाले आणि जिला संसर्ग असून तक्रार नव्हती ती तशीच राहिली. २०२१ मध्ये याच संघटनेने सुधारित सूचना काढून शक्य तेथे तपासणीवर आणि चाचणीवर भर दिला. चूक दिसल्यावर पद्धत बदलणे हे विज्ञानाचे लक्षण आहे.

याहून भयंकर प्रकार बीड जिल्ह्यात उघड झाला. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ मध्ये पुढे आलेल्या माहितीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. अंगावरून जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक तरुण बायकांना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. एका टोकाला लेह्य, दुसऱ्या टोकाला शस्त्रक्रिया. दोन्हींच्या मधली पायरी, म्हणजे नीट तपासणी, दोन्हीकडे गाळलेली. म्हणून आमचा झगडा एका वैद्यकपद्धतीशी नाही. न तपासता दिलेल्या उत्तराशी आहे.

कल्याणच्या आनंदीबाई

हा प्रश्न या परिसराला नवा नाही. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले. त्या अनुभवातून त्या वैद्यकाकडे वळल्या. अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले आणि हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे सांगितले. १८८६ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परंपरेतले स्त्रीवैद्यक त्यांनी अभ्यासाचा विषय केले आणि तपासणीचे शास्त्रही शिकून घेतले. दोन्ही एकाच व्यक्तीला करता येते. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचा मृत्यू झाला आणि स्त्रियांची तपासणी करण्याचे त्यांचे काम सुरूच होऊ शकले नाही.

तपासणी करायला प्रत्येक वेळी मोठे इस्पितळ लागते असेही नाही. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावले तर रोगाकडे झुकलेला भाग मिनिटाभरात पांढरा दिसू लागतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून या चाचणीचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दर दोन वर्षांनी चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ही चाचणी करणाऱ्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या त्या स्त्रिया होत्या. पांढरा रंग येथेही आहे. पण तो कशामुळे आला, कोठे आला आणि पुढे काय करायचे, हे ठरलेले आहे. तुलनेचा संचही आहे. सिद्ध करणे म्हणतात ते याला.

शिक्षकांनी काय करावे

ऋतुचक्र शिकवताना फळ्यावर अंडाशयाची आणि गर्भाशयाच्या अस्तराची आकृती काढली जाते. तिच्याखाली आणखी एक ओळ घालावी: या दिवसांत स्राव घट्ट, या दिवसांत पातळ आणि पारदर्शक. विरजणाचा धडा चालू असताना याच कुळातले जिवाणू आपल्या शरीराची राखण करतात, हे एका वाक्यात सांगावे. मुलगे वर्गात आहेत म्हणून ही वाक्ये गाळू नयेत. पुढे नवरे होऊन औषध घ्यायला नकार देणारे तेच असतात.

मुलींना पाच खुणा लिहून द्याव्यात: खाज, आग, दुर्गंधी, रक्त, ओटीपोटात दुखणे. यांतली एकही नसेल तर घाबरू नये. एखादी असेल तर चिठ्ठीवरच्या पत्त्याकडे जाऊ नये, तपासणी करून घ्यावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही पालिकांची रुग्णालये आहेत. त्यांची नावे शाळेच्या फलकावर असू द्यावीत.

आणि वर्गात एखादी मुलगी विचारील, 'बाई, आजी म्हणते उष्णता आहे. खरे का?' तेव्हा आजीची चेष्टा करू नये. तिला म्हणावे, 'पक्ष लिही, साध्य लिही. आता कारण काय देशील?'